साग, बांध आणि आरागिरणी: लाकडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांधावर चार साग उभे असलेले शेतकरी, नव्या घराच्या चौकटी ठरवणारी कुटुंबं, सोसायट्यांचे सचिव आणि प्रकल्पासाठी माहिती गोळा करणारे विद्यार्थी आम्हाला लिहीत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याची उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. कुऱ्हाड लावण्याआधी तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात एक चक्कर माराच, कारण नियमांच्या याद्या बदलत राहतात.

१. लाकूड वापरणं म्हणजे जंगलतोडीला हातभार लावणंच ना?

ते लाकूड आलं कुठून, यावर आहे. जंगल कायमचं जातं ते बहुतेक वेळा जमिनीचा वापर बदलला की: खाण, धरण, रस्ता, प्लॉटिंग. नुसतं झाड तोडलं आणि जमीन जंगलाकडेच राहिली तर जंगल परत येऊ शकतं. भारतातल्या उद्योगांना लागणारं बहुतांश लाकूड आज सरकारी जंगलातून येतच नाही, ते शेतातून येतं. उद्योगांनी कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यावा, ही १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाचीच दिशा आहे. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीबाबतच्या गोदावर्मन खटल्यात आदेश दिला आणि मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे कुठे-किती तोडायचं याच्या वन विभागाच्या आराखड्याशिवाय, जंगलात तोड करता येणार नाही असं ठरलं.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. एक घनमीटर साग घरात दाराखिडक्या होऊन राहिला, तर साधारण एक टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन तिथे अडकून राहतो. तेच दार चुलीत गेलं की तो पुन्हा हवेत. म्हणून शंभर वर्षं टिकणारी चौकट आणि पाच वर्षांत फेकून देण्याजोगा टेबल यांना एका मापाने मोजू नये.

२. शाश्वत वनव्यवस्थापनात प्रत्यक्ष काय करतात? की हा नुसता सरकारी शब्द आहे?

शब्द सरकारी आहे, पण हिशोब साधा आहे: वर्षाला जेवढं लाकूड वाढतं त्यापेक्षा जास्त काढायचं नाही. वन विभाग जंगलाची कार्य आयोजना साधारण दहा वर्षांसाठी बनवतो. तोडीयोग्य क्षेत्राचे ‘कूप’ पाडतात. तोडीचं चक्र ६० वर्षांचं असेल तर क्षेत्राचे ६० भाग, आणि दरवर्षी एकाच भागात काम. पहिल्या कुपात पुन्हा पाळी येते तेव्हा तिथली झाडं ६० वर्षांची झालेली असतात. तोडायच्या प्रत्येक झाडावर आधी हातोड्याचा छाप पडतो. उतार, नाल्याचे काठ आणि बियांसाठी राखलेली झाडं सोडून देतात. मधल्या काळात विरळणी होते, म्हणजे दाटीतली वाकडी, दबलेली झाडं काढून उरलेल्यांना उजेड देणं.

हे जमतं का? केरळात निलंबूरला कलेक्टर कॉनोली आणि चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात लावलेल्या सागाचा एक तुकडा ‘कॉनोली प्लॉट’ म्हणून आजही उभा आहे. आपल्याकडे १९७४ पासून वनविकास महामंडळ हेच काम करतं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून गेलेलं सागवान चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं होतं आणि नव्या संसद भवनातला सागही नागपूरमार्गे गेला.

पण आक्षेपही खरे आहेत. मिश्र जंगल काढून तिथे नुसता साग लावला तर आकडेवारीत ‘वन’ कायम राहतं. मोह, तेंदू, चारोळी, आवळा मात्र जातात, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माणसांची कमाईही जाते. शिवाय सागाच्या मोठ्या पानांवरून पावसाचे टपोरे थेंब पडतात आणि खाली गवत-झुडूप नसेल तर माती वाहून जाते. आमचं मत विचाराल तर एकाच जातीच्या लागवडीला जंगल म्हणणं थांबवावं. ते शेत आहे, चांगलं शेत असू शकतं. सागाचं खरं जंगल पाहायचं असेल तर गडचिरोलीत ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ बघा. २०१४ मध्ये त्याला राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ म्हणून दर्जा मिळाला.

३. कुठलं लाकूड कशासाठी वापरावं? सुतार प्रत्येक गोष्टीला साग म्हणतो.

सुताराचंही बरोबर आहे, साग रंध्याखाली सरळ येतो आणि नंतर तक्रार येत नाही. पण गावाकडच्या लोकांना प्रत्येक लाकडाचा स्वभाव माहीत होता. नांगर, बैलगाडीचं चाक, कुऱ्हाडीचा दांडा म्हटलं की बाभूळ किंवा धावडा, कारण धक्का सोसायला चिवटपणा लागतो आणि साग तिथे कमी पडतो. औतासाठी तिवस. कोकणातल्या घराच्या तुळया-वाशांना ऐन आणि किंजळ. देव्हारा, पाट आणि होडीच्या फळ्यांना फणस. कातीव कामाला आणि फण्यांना हळदू, कारण त्याचा पोत बारीक. शिवण हलकं आणि वाळल्यावर न वाकणारं, त्यामुळे ढोलकीसारख्या वाद्यांना चालतं. सावंतवाडीची लाकडी फळं-खेळणी पांगाऱ्याची असतात, तो कोरायला मऊ. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यात भोपळ्याबरोबर तुणीचं लाकूड लागतं. काडेपेटीला सावर, फळांच्या पेट्यांना आंबा, बांधकामाच्या पहाडांना सुरू, कागदाला निलगिरी, सुबाभूळ आणि बांबू, काताला खैर.

दारं-खिडक्या सोडून घरातल्या बाकीच्या कामाला साग लागतोच असं नाही. आतल्या कपाटाला शिवण, नीट प्रक्रिया केलेला आंबा किंवा चांगलं प्लायवूड पुरेसं होतं (प्लायवूडसाठी प्रश्न १२).

४. मग साग एवढा महाग का?

गाभ्यामुळे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं आणि वाळवीला न आवडणारे घटक असतात. ओला-सुका होताना तो फार फुगत-आक्रसत नाही आणि मजबूत असूनही वजनाला बेताचा, घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे.

हे सगळं गाभ्याबद्दल आहे. आरागिरणीत नुकत्याच कापलेल्या ओंडक्याचं तोंड बघा: बाहेर फिकट, जवळजवळ पांढरं कडं आणि आत सोनेरी तपकिरी गोल. वर्षाची वलयं सागात डोळ्यांनी मोजता येतात. बाहेरचं पांढरं लाकूड सहज वाळवीच्या तोंडी लागतं. कोवळ्या झाडात हे पांढरंच जास्त असतं, आणि प्रश्न ६ मधली सगळी गडबड इथूनच सुरू होते.

५. दुकानदार ‘बर्मा’, ‘सीपी’, ‘आफ्रिकन’ असे प्रकार सांगतो. फरक काय?

‘सीपी’ म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा, म्हणजे विदर्भ-मध्य प्रदेशाचा साग. बल्लारशाचा माल यातच येतो. रंग गडद, रेषा ठळक. ‘बर्मा’ म्हणजे म्यानमारच्या नैसर्गिक जंगलातला. त्या देशाने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, त्यामुळे आज प्रत्येक दुकानात मिळणाऱ्या ‘ओरिजिनल बर्मा’कडे संशयानेच बघा. ‘आफ्रिकन’ आणि दक्षिण अमेरिकन साग जातीने बहुतेकदा सागच असतो, पण लागवडीतला आणि बहुधा कमी वयाचा. दुकानात नाव विचारण्यापेक्षा वलयं किती आणि पांढरं किती, ते बघा. बिलावर लाकडाची जात आणि मूळ लिहून घ्या.

६. एकरात हजार साग लावले तर दहा वर्षांत कोटी रुपये मिळतात का?

नाही. हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या हातात बहुधा रोपविक्रेत्याचं रंगीत पत्रक असतं.

पत्रकातला हिशोब असा असतो: हजार झाडं, प्रत्येकाचे दहा हजार, झाले एक कोटी. यात तीन लबाड्या आहेत. एक, २ बाय २ मीटरवर लावलेली हजार झाडं शेवटपर्यंत राहत नाहीत. विरळणी केली नाही तर सगळीच काठीसारखी राहतात, केली तर अखेरीस एकरी शे-दीडशे उरतात. दोन, दहा वर्षांच्या झाडात गाभा बोटभर आणि बाकी पांढरं. त्याला बल्लीचा भाव येतो. आपल्या जंगलात साग तोडीला येतो तो पन्नास ते ऐंशी वर्षांनी. चांगली काळी-भुसभुशीत निचऱ्याची जमीन आणि पाणी असेल तर शेतात बरा माल वीस-पंचवीस वर्षांत मिळू शकतो, त्याआधी आशा ठेवू नका. तीन, पत्रकातला भाव शहरातल्या चिरलेल्या मालाचा असतो, तुमच्या बांधावरच्या उभ्या झाडाचा नसतो. मधे तोड, वाहतूक, परवाना, आरागिरणी आणि घट आहे.

१९९० च्या दशकात साग लागवडीच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांचं पीक आलं होतं. पुष्कळशा गायब झाल्या, आणि सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियमावली आणावी लागली. ‘टिश्यू कल्चर’ रोपं एकसारखी आणि सरळ वाढतात हे खरं, पण गाभा धरायला लागणारा वेळ त्यांनाही द्यावाच लागतो.

तरीही साग लावा. मुलीच्या शिक्षणासाठी नको, नातवाच्या घरासाठी लावा. बांधावर लावला तर पिकाची जमीन अडत नाही.

७. लागवड कशी करावी? पावसाळ्यात पानांची जाळी होते, झाड मरतंय का?

रोपापेक्षा सागाची जडी स्वस्त आणि सोपी. वर्षभराच्या रोपाची अंगठ्याएवढी जाड मुळी, वर दोन-तीन सेंटीमीटर खोड ठेवून बाकी छाटलेली. पहिला चांगला पाऊस झाला की पहारीने भोक पाडून ती उभी घालायची आणि माती घट्ट दाबायची. पाणी साचणाऱ्या चोपण जमिनीत साग लावूच नका. बांधावर ३ मीटरचं अंतर ठेवा. पहिली दोन वर्षं तण आणि गुरं यांपासून जपा. खालच्या फांद्या कोवळ्या असतानाच, खोडालगत छाटा, नाहीतर फळीत गाठी येतात.

जुलै ते सप्टेंबरमध्ये पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या दिसतात, ते पानं खाणाऱ्या अळीचं काम. मोठं झाड त्याने मरत नाही, वाढ थोडी खुंटते. फवारणीवर पैसे घालवू नका.

८. माझ्याच बांधावरचा माझाच साग तोडायला परवानगी कशाला?

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ मुळे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, बिजा, हळदू, तिवस, अंजन आणि कांदळवनाची झाडं आहेत. ही खासगी जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात. सोबत ताजा सातबारा, गटाचा नकाशा आणि हद्दीचा पुरावा. झाड नक्की कोणाच्या हद्दीत आहे यावरच अर्ज सर्वाधिक अडतात, म्हणून मोजणी आधी उरकून घ्या. झाडांची नोंद सातबाऱ्यावर हवी. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं टाकायची सोय आहे आणि ती लागवडीच्या वर्षापासूनच वापरावी. मग पाहणी, झाडांवर खुणा, परवानगी, तोड, मापांची यादी, लाकडावर छाप, आणि शेवटी वाहतूक परवाना. तोड झाली म्हणजे काम झालं असं समजून ट्रॅक्टर भरू नका. छाप आणि परवाना नसलेला साग रस्त्यावर पकडला की गाडीसकट जातो. देशभरासाठी ऑनलाइन वाहतूक परवान्याची पद्धत डिसेंबर २०२३ पासून आली आहे. तोडीच्या बदल्यात नवी झाडं लावण्याची अटही घालतात, ती पाळा.

शेतकरी अनुसूचित जमातीचा असेल तर १९६९ चा वेगळा कायदा लागतो. ठेकेदार कवडीमोलाने उभी झाडं घेत म्हणून तो आला. विक्री त्यात ठरवून दिलेल्या सरकारी वाटेनेच होते, परस्पर सौदा करू नका.

कागदपत्रांच्या या खटाटोपामुळेच कित्येक जण साग लावत नाहीत. ही तक्रार आम्हाला रास्त वाटते.

९. बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ, बांबू यांनाही हेच नियम का?

ही झाडं वरच्या अनुसूचीत नाहीत. शेतातल्या अशा पुष्कळ जातींना वाहतूक परवान्यातूनही सूट आहे, ती यादी तालुक्याला तपासा. बांबू तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ राहिलेला नाही, वनक्षेत्राबाहेरचा बांबू खुशाल तोडा-विका. शहरी हद्दीतली गोष्ट वेगळी: तिथे १९७५ चा नागरी वृक्ष कायदा लागतो, झाड कुठल्याही जातीचं असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी, आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षांपुढची झाडं ‘हेरिटेज’ धरली जातात. सोसायटीच्या सचिवांनी फांद्या छाटण्याआधीही विचारावं.

१०. व्यापारी घनफुटाचा हिशोब करतो तो मला कळतच नाही. फसवतो का?

बहुधा फसवत नाही, पण पद्धत समजली पाहिजे. गोल लाकूड पाव-घेराच्या सूत्राने मोजतात. ओंडक्याच्या मधोमध टेप गुंडाळा. समजा घेर ३६ इंच, लांबी १० फूट. घेराचा चौथा भाग ९ इंच. ९ गुणिले ९ गुणिले १० झाले ८१०. भागिले १४४, म्हणजे ५.६ घनफूट. गोलाच्या गणिताने हाच ओंडका जवळपास ७.२ घनफूट भरतो. म्हणजे सुमारे २१ टक्के लाकूड हिशोबात धरलंच जात नाही. ते चिरताना जाणाऱ्या भुशासाठी आणि कडेच्या तुकड्यांसाठी सोडलेलं असतं.

गोम अशी की भाव कुठल्या मापाचा आहे ते आधी ठरवा. पाव-घेराच्या घनफुटाचा भाव आणि चिरलेल्या मालाच्या घनफुटाचा भाव यांची तुलना करू नका, कारण गोल लाकडातून वापरायचा माल निम्म्याच्या आसपासच निघतो. घेर सालीवरून घेतला की साल काढून, हेही विचारा. उभ्या झाडाचा घेर मात्र जमिनीपासून १.३७ मीटरवर, छातीच्या उंचीला घेतात.

११. घरचा साग चिरून लगेच चौकटी केल्या, सहा महिन्यांत दारं अडकायला लागली. का? आणि वाळवीचं काय?

लाकूड ओलं होतं. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्याएवढंही पाणी असू शकतं, फर्निचरला ते दहा-बारा टक्क्यांवर यावं लागतं. फळ्या चिरून सावलीत, जमिनीपासून वीतभर वर रचा. दोन थरांमध्ये सारख्या अंतरावर, एकाखाली एक रिपा ठेवा. टोकांना रंग किंवा मेण लावा, म्हणजे तिथून तडे जात नाहीत. वर वजन ठेवा. इंचभर जाडीच्या फळीला विदर्भ-मराठवाड्याच्या हवेत तीन-चार महिने, कोकणात जास्त. घाई असेल तर भट्टीत वाळवून मिळतं.

कोकणात आंब्याच्या फळ्या आणि बांबू पाण्यात बुडवून ठेवतात. त्यामुळे भुंग्याला आवडणारा पिठूळ अंश निघून जातो, पद्धत अगदी बरोबर आहे. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवणं हा स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित उपाय. जमिनीत पुरायच्या खांबांना तो टिकत नाही, पाण्याने धुऊन जातो.

लाकूड कोरडं आणि हवेशीर राहिलं तर किती टिकतं? कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. वर डोंगराएवढं छप्पर आहे, हेही विसरू नका.

१२. प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचे तंतू डिंकाने दाबून केलेली फळी) पर्यावरणाला चांगलं की वाईट?

कच्च्या मालाच्या बाजूने चांगलं. ते बहुतेक शेतातल्या पॉप्लर-निलगिरीचं असतं, हरियाणातलं यमुनानगर त्यावरच उभं आहे. पाच-सहा वर्षांत झाड तयार होतं, जंगलाला धक्का नाही. उणी बाजू डिंकाची: त्यातला फॉर्माल्डिहाइड घरात हळूहळू सुटत राहतो आणि शेवटी ते नीट जाळताही येत नाही. स्वयंपाकघर-न्हाणीघराजवळ आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचं भारतीय मानक) हा शिक्का असलेलं घ्या, बाकी ठिकाणी आयएस ३०३.

१३. एफएससीचा शिक्का असला की निश्चिंत व्हावं का?

बऱ्यापैकी. एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, जंगल राखून काढलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९९३ पासून आहे. जंगलापासून दुकानापर्यंत प्रत्येक हात बदलताना नोंद व्हावी, ही तिची अट. भारत सरकारनेही डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःची वन आणि लाकूड प्रमाणन योजना जाहीर केली. पण दोन एकरवाल्या शेतकऱ्याला हा खर्च परवडत नाही, म्हणून शिक्का नसलेलं लाकूड वाईटच असं मानू नका. बांधावरच्या सागाला वाहतूक परवाना असेल तर आम्ही तो पुरेसा धरतो.

१४. जंगलातलं लाकूड-बांबू गावाला विकता येतं का?

सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर बांबूसारखं गौण वनोपज विकता येतं. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे ठळक उदाहरण. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर हक्क मिळाला. पण बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. उभं इमारती लाकूड मात्र या हक्कात येत नाही, ही गल्लत पुष्कळ ठिकाणी होते.

१५. अंत्यसंस्काराला लागणाऱ्या लाकडाला पर्याय आहे का?

आहे. विद्युत आणि गॅसदाहिनी आहेत, गोवऱ्या आहेत, आणि नागपुरात काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या ‘मोक्षकाष्ठा’चाही वापर होतो. घरात बोलून आधीच ठरवलेलं बरं, त्या दिवशी कोणी वाद घालत नाही.

१६. वादळात पडलेला साग तरी परवानगीशिवाय नेता येईल ना?

पडलं ते तुमच्या हातून नाही, पण साग तो सागच. पडलेल्या अवस्थेत फोटो काढा, तलाठ्याला किंवा वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. वाहतूक परवाना लागतोच (प्रश्न ८).

१७. सातबारा माझ्या नावावर आहे, पण ‘वन’ असा शेरा आहे. आता?

सावध राहा. १९७५ च्या खासगी वने (संपादन) कायद्याचा किंवा राखीव वनाचा तो शेरा असेल, तर १९६४ च्या कायद्याखालचा साधा अर्ज पुरत नाही, १९८० चा वन संवर्धन कायदा आड येतो. कोकणात हे फार दिसतं. आधी फेरफार काढून शेरा कधी आणि का पडला ते शोधा, मग वकिलाकडे जा. खरेदी करत असाल तर इसार देण्याआधी हे करा.

१८. शिसवी पोळपाट, पेटी परदेशात नेता येईल का?

शिसवाच्या जवळपास सगळ्या जाती जानेवारी २०१७ पासून ‘साइट्स’ कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वाद्यांना आणि १० किलोपर्यंत लाकूड असलेल्या तयार वस्तूंना सवलत आहे, म्हणजे पोळपाट-लाटणं बिनधास्त न्या. जड पलंग पाठवायचा असेल तर कागद लागतील. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये साल किंवा भुंग्याचं भोक दिसलं तर वस्तू अडते, आणि लाकडाची वस्तू आहे हे तिथे जाहीर करावंच लागतं.

१९. जुना वाडा पाडतोय. त्याचं सागवान विकायचं कसं?

घाईने जुन्या लाकडाच्या दलालाला सरसकट देऊ नका. शंभर वर्षांपूर्वीच्या तुळईत आज न मिळणारा दाट गाभा असतो आणि ती पूर्ण वाळलेली असते, नव्या फर्निचरला याहून चांगला माल नाही. पाडण्याआधी जागच्या जागी फोटो काढा, नगांची लांबी-रुंदी लिहा, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा दाखला घ्या. नेण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा, कारण रस्त्यात अडवणाऱ्याला ते जुन्या घराचं आहे हे तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं. तुळया पूर्ण लांबीच्या ठेवा, ट्रकमध्ये बसाव्यात म्हणून कापल्या की भाव पडतो. आणि खिळे काढा, एकूण एक. आरागिरणीवाला खिळा दिसला की माल परत पाठवतो, पातं तुटलं तर त्याचे पैसेही तुमच्याकडूनच घेतो.